हॅच उघडी असताना टॅली बंद करणाऱ्यांना

आधीच सांगतो, म्हणजे नंतर बोंब नको. मी गोदीत काम करतो. शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी वाचतो, पण गोणी उचलल्यासारखं, मध्येमध्ये टेकवत. आणि तरीही आज मी एका इंग्रज बाईच्या गाण्यांच्या संग्रहावर लिहिणार आहे.

शिव्या दोन बाजूंनी येणार हे ठाऊक आहे. एका बाजूला आपलेच दोस्त. ते म्हणणार, च्यायला, गोदीत पोरांची बोटं तुटतायत आणि ह्याला गोरीची गाणी सुचतायत! दुसऱ्या बाजूला ते, ज्यांच्या दिवाणखान्यात लाखाचे स्पीकर आहेत आणि लोकसंगीत म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांत आपोआप पाणी येतं. ते म्हणणार, ह्याला काय कळतं? दोघांनीही जरा थांबावं. हा लेख गाण्यांवर आहे तितकाच हिशोबावर आहे. आणि हिशोब कोण लिहितो हा प्रश्न आपल्याइतका कुणाला कळतो?

चोरबाजारात शुक्रवारी जुन्या सीड्यांच्या ढिगात ती मिळाली. शंभर सांगितले, साठ दिले. बेथ ऑर्टन. संग्रहाचं नाव 'पास इन टाइम'. त्याला शेपूट : 'द डेफिनेटिव्ह कलेक्शन'. साल २००३. आत दोन तबकड्या. डेफिनेटिव्ह शब्दासाठी डिक्शनरी काढली. निर्णायक, अंतिम, आता ज्यात फेरफार होणे नाही असं. मग मोबाईलवर बाईचं जन्मसाल पाहिलं. डिसेंबर १९७०, नॉरफोक परगणा. म्हणजे संग्रह निघाला तेव्हा बाई बत्तीस वर्षांची. तीन रेकॉर्डी जगभर गेलेल्या : 'ट्रेलर पार्क' १९९६, 'सेंट्रल रिझर्वेशन' १९९९, 'डेब्रेकर' २००२. त्याआधी १९९३ ची एक, फक्त जपानात निघालेली. एवढ्यावर कंपनीने शिक्का मारला. अंतिम. निर्णायक. खलास.

बत्तीस! आमच्या गँगमध्ये बत्तीस वर्षांच्या गड्याला अजून 'पोरगा' म्हणतात.

ज्यांनी गोदी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जहाज धक्क्याला लागतं. हॅच उघडते. गँग खाली उतरते, क्रेन माल वर काढते, आणि धक्क्यावर टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. इतक्या पेट्या, इतके गठ्ठे, इतक्या गोणी. टॅली म्हणजे मोजदाद. अंगमेहनत गँगची असते, पण पुढे सगळीकडे चालतो तो वहीतला आकडा. वहीत नाही ते जहाजातून उतरलंच नाही. म्हणून गोदीतला शेंबडा पोरगाही एक कायदा जाणतो : हॅच उघडी असताना टॅली बंद करायची नाही. पोटात माल आहे अजून, साल्या, सही कसली करतोस?

ह्या बाईच्या पोटात माल होता. २००६ ला 'कम्फर्ट ऑफ स्ट्रेंजर्स' आली. २०१२ ला 'शुगरिंग सीझन'. २०१६ ला 'किडस्टिक्स'. २०२२ ला 'वेदर अलाइव्ह', जी तिने स्वतःच निर्माण केली, लंडनच्या कॅम्डेनच्या बाजारात स्वस्तात घेतलेल्या एका जुन्या पियानोपाशी बसून. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची. 'अंतिम' शिक्क्यानंतर चार रेकॉर्डी! ज्यांनी शिक्का मारला त्यांनी तो परत काढला का? छे. दुकानात, यादीत, मोबाईलवर, तिच्या नावापुढे तो संग्रह आजही 'निर्णायक'च आहे. नवा माणूस तिच्याकडे येतो तो ह्या फाटकातून, आणि समजतो की २००३ ला बाई संपली.

आता माझ्या बापाचं ऐका. बाप सत्तावीस वर्षं पाठीवर माल वाहत होता. आधी एका ठेकेदाराकडे, मग त्याच्या मेव्हण्याकडे, मग तेच दोघं नवी पाटी लावून बसले त्यांच्याकडे. गुडघे गेल्यावर हिशोब मागायला गेला. कारकुनाने कार्ड काढलं. कार्डावर अकरा वर्षं. बाप म्हणाला, साहेब, सोळा कुठं गेली? कारकून म्हणाला, रेकॉर्डला नाहीत. बस. रेकॉर्डला नाहीत! घामाने भिजलेले सोळा पावसाळे रेकॉर्डला नाहीत. मी त्या वेळी नववीत. तेव्हापासून कुठल्याही कागदावर 'संपूर्ण', 'अंतिम', 'समग्र' असं लिहिलेलं दिसलं की माझा हात आपोआप कागद उलटा करून मागं काय आहे ते पाहतो.

सीडीचंही तेच केलं. आणि मागं जे दिसलं त्यावर हा सगळा लेख आहे.

पहिल्या तबकडीवर तिच्या रेकॉर्डींतली ठळक गाणी. गिटार, तंतूंची वाद्यं, आणि ती आवाजाची खरखर, जशी पहाटेच्या पाळीला जाताना घशात असते. ही झाली दर्शनी बाजू : एकटी बाई, एकटी गिटार, एकटं दुःख. कलाकार म्हटलं की बाजाराला तो एकटाच लागतो. एकट्याचा फोटो काढता येतो, गँगचा काढला तर कव्हरवर मावत नाही.

दुसऱ्या तबकडीवर राहिलेला माल. बाजूची गाणी, बदललेली रूपं, आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्डींवर गायलेली गाणी. विल्यम ऑर्बिटबरोबरचं १९९३ चं 'वॉटर फ्रॉम अ व्हाइन लीफ' इथे. केमिकल ब्रदर्सच्या १९९७ च्या रेकॉर्डीतलं 'व्हेअर डू आय बिगिन' इथे. टेरी कॅलियरबरोबर गायलेलं 'डॉल्फिन्स' इथे. म्हणजे पाहा हं, जिथून ही बाई घडली तो सगळा कारखाना दुसऱ्या हॅचमध्ये! ऑर्बिट हा यंत्रावरचा माणूस. त्याच्याचबरोबर तिने सुरुवात केली. केमिकल ब्रदर्स ही नाचाच्या रात्रींची जोडी, त्यांच्या १९९५ च्या पहिल्या रेकॉर्डीत हिचा आवाज आहे. 'ट्रेलर पार्क'मधल्या काही गाण्यांचं काम अँड्र्यू वेदरॉलने केलं, तोही ॲसिड हाउसच्या क्लबांतून आलेला. 'सेंट्रल रिझर्वेशन'वर डॉ. जॉनचा पियानो, बेन हार्परची गिटार, बेन वॉटचे हात. (नाव वाचून आमच्या एका दोस्ताने विचारलं, हे केंद्रातलं आरक्षण का रे? इंग्लंडात हायवेच्या मधल्या दुभाजकाला म्हणतात ते. तो म्हणाला, मग बरोबर आहे, आपल्यालाही तिथंच उभं केलंय.) ही सगळी गँग. गँगशिवाय गोणी हलत नाही आणि गाणंही हलत नाही. पण कव्हरवर नाव एकीचं, आणि गँग 'दुर्मीळ' नावाच्या डब्यात. दुर्मीळ कसली? रोजची होती ती!

आता दिवाणखान्यातल्या मंडळींकडे येतो.

ह्या बाईच्या गाण्याला एक नाव चिकटवलं गेलं : फोकट्रॉनिका. फोक अधिक इलेक्ट्रॉनिक. जणू काही गाय आणि मोटरसायकल यांचं लग्न. नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं आहे की फोक म्हणजे लाकूड, कातडं, चिखल, खेडं, आणि यंत्र म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा. मी असल्या एका रसिकाच्या घरी सीडी ऐकवली. त्यांनी दोन गाणी सोसली आणि म्हणाले, गळा बरा आहे, पण मागे ती यंत्रं नको होती, लोकसंगीताचा आत्मा जातो.

आत्मा! आत्म्याचं नाव काढलं की समजावं, कुणाच्या तरी खिशात हात घातला जातोय.

ऐका मग त्या आत्म्याची जन्मकथा. १९०३ साल, इंग्लंडात सॉमरसेट परगणा, हॅम्ब्रिज गाव. सेसिल शार्प नावाचा संगीतशिक्षक बागेत बसलेला. जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करता करता गात होता. शार्पने वही काढली, गाणं उतरवलं. इंग्रजी लोकगीतांच्या मोठ्या संकलनाची सुरुवात तिथून सांगतात. पण पुढचं सांगताना हे लोक आवाज खाली करतात. त्याच संध्याकाळी शार्पने त्या गाण्याला पियानोची साथ बसवली, आणि गावच्या मेजवानीत एका शिकलेल्या गायिकेकडून ते गाववून घेतलं. त्याच संध्याकाळी! माळ्याच्या घशातून निघालेल्या गाण्याला रात्र व्हायच्या आत पियानो लागला. आणि पियानो काय झाडाला लागतो? तारा, हातोड्या, लोखंडी साचा : कारखान्यातून आलेलं यंत्र आहे ते. मग आत्मा तेव्हा का नाही गेला? कारण पियानो साहेबाच्या दिवाणखान्यातलं यंत्र होतं. साहेबाचं यंत्र म्हणजे संस्कार, आणि पोरांचं यंत्र म्हणजे विटाळ. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दुसरा सापडत नाही.

१९०४ पासून सॉमरसेटच्या गाण्यांची पुस्तकं निघाली, नाव संकलकाचं. आणि खरं लोकगीत कोणतं हेही शार्पने ठरवून टाकलं : खेड्यातल्या, शाळेचा वारा न लागलेल्या माणसाचं. शहरातल्या गल्लीचं, गिरणीचं गाणं त्याच्या चाळणीतून खाली पडलं. ते उचलायला ए. एल. लॉईडसारखा कम्युनिस्ट यावा लागला, ज्याने १९५२ ला कोळसा खाणींतल्या मजुरांची गाणी पुस्तकात आणली. म्हणजे तिकडेही तेच, दोस्तांनो. मजूर गात होता, पण मोजदाद करणाऱ्याच्या वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

१७ मे १९६६, मँचेस्टर. बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि समोरच्या अंधारातून एकाने त्याला 'जुडास' म्हणून हाक मारली. विश्वासघातकी! का, तर गिटारला वायर लागली. वायर तर कापडगिरणीच्या त्या शहरात घराघरांत होती. यंत्रावर जगणाऱ्या शहराने गाण्यात मात्र यंत्राला बंदी घालायची, हे कुठलं सोवळं?

आणि १९९४. हे साल नीट लक्षात ठेवा. ब्रिटिश पार्लमेंटने क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्ट केला. रात्री उघड्यावर जमून मोठ्या आवाजात नाचणाऱ्यांना पांगवायचा अधिकार पोलिसांना मिळाला. संगीत कशाला म्हणायचं हे लिहिताना कायदेवाल्यांनी ठोक्यांनाही सोडलं नाही : एकामागून एक येणारे, परत परत पडणारे ठोके हाच ज्याचा मुख्य भाग, असे आवाजही त्यात धरले. विचार करा, सरकारने कायद्याच्या पुस्तकात ठोका लिहिला! ज्या आवाजाला सरकार घाबरतं तो आवाज लोकांचा नाही तर कुणाचा? यंत्रातून निघणारा तो ठोकाच त्या काळातल्या इंग्रज पोरांचं लोकसंगीत होता. ह्या कायद्यानंतर दोन वर्षांनी 'ट्रेलर पार्क' आली. रात्रभर नाचून पहाटे घरी परतणाऱ्या पोरापोरींसाठी ती रेकॉर्ड म्हणजे उतारा होती. पेपरवाल्यांनी त्यावरून बाईला बिरुदही चिकटवलं होतं, नशा उतरतानाची राणी. बिरुद भंकस आहे, पण त्यात एक खरं सांगून गेलेत. ती गाणी थकलेल्या अंगासाठी होती. रात्रपाळी करून शिवडीला परतताना मी ती ऐकली आहेत. अंग ठणकत असतं, कानात अजून क्रेनची कुरकुर असते, आणि त्या कुरकुरीवर एक गळा हळू चढत जातो. यंत्राचा आवाज माझ्या कानातून कुणी काढू शकत नाही. मग गाण्यातून काढून मला काय बासरी ऐकवता?

आपल्याकडे हेच चालतं, म्हणून एवढा पोटतिडकीने लिहितोय. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी वहीतून पाठांतरात गेली, पाठांतरातून कॅसेटीत, कॅसेटीतून मोबाईलमध्ये. मध्ये कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला. आणि लगेच रसिक मंडळी नाक मुरडायला लागली : मूळचा बाज गेला हो! मूळ बाज म्हणजे काय, तर आम्ही कायम डफ घेऊन चिखलात उभं राहायचं आणि तुम्ही माडीवरून ऐकायचं. वीज तुमच्या घरी, आत्मा आमच्या घरी. वाटणी मंजूर नाही.

आता माझ्या दोस्तांनो, तुमच्याकडे. तुम्ही विचारलंत, गोरीचं काय कौतुक?

कौतुक नाही, पण जे आहे ते सांगतो. आई वारली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याआधी बापही गेलेला. त्यानंतर काही दिवस ती थायलंडात बौद्ध साध्वींसोबत राहिली. हे वाचून आमच्यातला एकजण खूश झाला : म्हणजे आपली झाली की! मी म्हटलं, येडा आहेस. दुःख घेऊन कुणी बुद्धाच्या दारात बसलं म्हणून आपण लगेच मेंबरशिपची पावती फाडायची? तिचं दुःख तिचं. तिने हॉटेलात टेबलं सांभाळली हेही खरं, म्हणून ती गोदी कामगार होत नाही. २००० साली तिला ब्रिट पुरस्कार मिळाला, सर्वोत्तम ब्रिटिश गायिकेचा. तिच्या जखमा आणि माझ्या बापाचे गुडघे एका तागडीत टाकणारा मी नव्हे.

पण टेरी कॅलियर! त्याच्यासाठी तरी ही सीडी उलटी करून वाचा.

शिकागोचा काळा माणूस, १९४५ चा. कर्टिस मेफिल्डचा लहानपणीचा सवंगडी. १९६४ ला त्याने एक रेकॉर्ड केली, नावातच 'न्यू फोक साउंड'. नवा लोकनाद, काळ्या माणसाच्या तोंडून. टेप पडून राहिली. रेकॉर्ड काही वर्षांनी बाजारात आली, तोवर वारा बदललेला. सत्तरच्या दशकात एकाहून एक रेकॉर्डी केल्या आणि ऐंशीच्या दशकात गाणं सोडलं. घरात मुलगी होती, तिला वाढवायची होती. शिकागो विद्यापीठात तो कॉम्प्युटर प्रोग्रॅमर झाला. त्याची टॅली तेव्हाच बंद झालेली होती! कंपन्यांच्या वहीत मेलेला माणूस. मग इंग्लंडातल्या क्लबांतल्या डीजेंनी त्याच्या जुन्या तबकड्या उकरल्या, लावल्या, पोरं नाचली. आणि १९९७ ला ह्या बेथ ऑर्टनने त्याला आपल्याबरोबर गायला घेतलं. म्हणजे कुणी काढलं त्याला त्या वहीखालून? सोवळ्या फोकवाल्यांनी नाही. यंत्रावर तबकडी फिरवणाऱ्या पोरांनी, आणि जिला 'भेसळ' म्हणतात त्या बाईने. १९९८ ला त्याची नवी रेकॉर्ड निघाली. २०१२ ला तो गेला, पण गाणारा म्हणून गेला.

ह्या संग्रहाला नाव दिलंय तेही 'सेंट्रल रिझर्वेशन'मधल्या गाण्याचं, जे तिच्या आईच्या मरणातून आलं. त्या गाण्यात तिच्या आवाजाला कॅलियरचा आवाज येऊन भिडतो. आई गेलेली पोरगी आणि वहीतून खोडलेला माणूस. कंपनीला कळलं तरी का, की 'अंतिम' म्हणून तिने ज्या गाण्याचं नाव कव्हरवर छापलं त्याच गाण्यात ज्याची टॅली बंद झाली होती तो माणूस परत येऊन गातोय?

म्हणून सांगतो, संग्रहाला माझा विरोध नाही. संग्रह नसता तर चोरबाजारात साठ रुपयांत मला ह्यातलं काय मिळालं असतं? गरिबाला संग्रह लागतो. सुटी रेकॉर्ड घेणं त्याला परवडत नाही. माझा विरोध आहे त्या शिक्क्याला. माल मोजा, बेशक मोजा. पण तारीख टाका आणि लिहा : आजपर्यंत एवढा उतरला, हॅच उघडी आहे. गँगची नावं पहिल्या पानावर टाका. आणि 'राहिलेला माल' म्हणून दुसऱ्या तबकडीत जे कोंबता, ते आधी वाजवून पाहा.

हे मी कंपन्यांना सांगत नाही, त्या मराठी वाचत नाहीत. तुम्हाला सांगतोय. उद्या आपल्याच कवींचे 'निवडक' आणि 'प्रातिनिधिक' निघतील, काहींचे निघालेही. तीस-बत्तीसच्या पोराची चार विद्रोही पानं उचलायची, छान जाड कागदावर छापायची, प्रस्तावना एखाद्या प्राध्यापकाची, आणि म्हणायचं : हा ह्याचा आवाज. पुढं तो पोरगा प्रेमावर लिहील, यंत्रावर लिहील, बापाच्या गुडघ्यावर लिहील, नाहीतर एखाद्या गोऱ्या गायिकेवर लिहील, तर म्हणणार : छे, हा त्याचा मूळ आवाज नाही. बत्तिसाव्या वर्षी तुमचा फोटो भिंतीला टांगणाऱ्यांना ओळखा. हार घेऊन येतील, तरी ओळखा.

आणि आपण स्वतः? आपणही कमी नाही. विद्रोहाची एक यादी आपणच करून ठेवली आहे. त्यात काय बसतं, काय नाही, हे सांगणारे छोटे टॅली क्लार्क आपल्याही कट्ट्यावर बसलेत. 'गोदीवर लिही' म्हणणाऱ्या दोस्ता, तूही त्यातलाच. मी गोदीवरच लिहिलंय. पहिल्या ओळीपासून. परत वाच.

बापाचं ते कार्ड अजून घरात आहे. अकरा वर्षं, खाली शाई उडालेली सही. गेल्या महिन्यात मी त्याला समोर बसवलं, शाळेची जुनी वही घेतली, आणि बाकीची सोळा वर्षं लिहायला लागलो. कुठलं जहाज, कुठला माल, गँगमध्ये कोण कोण, मुकादम कोण, कोणाचा हात गेला, कोण परत आलाच नाही. कुणी गाणं म्हणायचं का, हेही विचारलं. तो आधी लाजला. मग दोन ओळी म्हणाला. मी मोबाईल चालू करून ठेवला होता.

चौथं वर्ष चालू आहे. बारा बाकी आहेत.